काम शिक्षकाचं, मानधन सेवकाचं

आज बाजारात एकाने पुन्हा तेच ऐकवलं, "काय गुरुजी, झेडपीचा पगार म्हणजे मजा आहे बुवा!" डोकं सणकलं. अरे, कुठला पगार? 16 हजार मानधन मिळतं मला, त्यातूनही दर महिन्याला 200 रुपये, फेब्रुवारीत तर 300, व्यवसाय कर कापतात. कर घ्यायला मी नोकरदार, भत्ते द्यायची वेळ आली की सेवक!

शिक्षण सेवक. नोकरीची पहिली तीन वर्षं हेच नाव, ठरावीक रक्कम, ना महागाई भत्ता, ना घरभाडं, ना वेतनवाढ. नियमित प्राथमिक शिक्षकाचं सुरुवातीचं मूळ वेतन 29,200 आहे, भत्ते वेगळे. डीएड झालो, टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा पास झालो, भरतीची अभियोग्यता चाचणी दिली, शिक्षक भरतीच्या सरकारी पवित्र पोर्टलवरच्या याद्यांकडे डोळे लावून वर्षं घालवली. यातल्या कुठल्या परीक्षेत मला निम्म्या मापाने तपासलं होतं?

आमची शाळा दोनशिक्षकी. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी दुसऱ्या सरांकडे. त्यांच्या पगारावर माझा डोळा नाही, तो त्यांच्या हक्काचा आहे. पण ते रजेवर गेले की चारही वर्ग माझ्या एकट्याच्या गळ्यात. पोषण आहाराची नोंद मीच करायची, यू-डायसची, म्हणजे सरकारला द्यायची शाळेची सगळी ऑनलाइन माहिती मीच भरायची, मतदार यादी घेऊन वाड्यावस्त्या मीच पालथ्या घालायच्या. तेव्हा कोणी म्हणत नाही की तू सेवक आहेस, अर्धंच कर.

2000 साली ही शिक्षण सेवक योजना आली तेव्हा प्राथमिकला 3,000 होते. पुढे 6,000 झाले आणि ते तिथेच दहा वर्षांहून जास्त काळ गोठले. या काळात गॅस, किराणा, खोलीभाडं, एसटीचं तिकीट, काय थांबलं हो? शेवटी उच्च न्यायालयाला कान उपटावे लागले, तेव्हा कुठे जानेवारी 2023 पासून 16 हजार झाले. आमदारांच्या वेतनवाढीला कोणाला कोर्टाची पायरी चढावी लागते का? शिक्षकाचं नाव निघालं की लगेच तिजोरीवर भार!

आणि तीन वर्षं भरली म्हणजे सुटलो असंही नाही. आधीच्या भरतीतल्या माझ्या एका मित्राची तीन वर्षं पुरी झाली, तरी पाच महिने तो जुन्याच मानधनावर. नियमित वेतनश्रेणीचा आदेश निघेना. आज कागद पडताळणीला गेलेत, उद्या साहेब दौऱ्यावर, परवा टिपणीत त्रुटी. शाळा सुटल्यावर चाळीस किलोमीटर गाडी हाणत तो कार्यालयात जायचा, टेबलापुढे उभा राहायचा आणि "पुढच्या आठवड्यात या" ऐकून अंधारात परत यायचा. पेट्रोल स्वतःचं.

परवा घरून फोन आला, आईने विचारलं, "या महिन्यात थोडे जास्त पाठवता येतील का रे?" खोलीभाडं देऊन, खानावळीचे चुकते करून हातात उरले होते 4,300. काय सांगू तिला?