जेवून राहिली, मग?

पुण्याच्या मामेभावाने घरच्या ग्रुपवर फर्मान काढलं: ‘‘‘जेवून राहिली’ हे मराठीच नाही, हिंदीचं उष्टं आहे.’’ निमित्त काय, तर अकोल्याच्या काकूचा व्हॉइस मेसेज. काकू गप्प बसली. मला गप्प बसवेना.

दादा, मी स्वित्झर्लंडमधल्या इलान्झच्या वृद्धाश्रमात काम करते. तिथले एक आजोबा रोज त्यांच्या रोमान्श भाषेत सांगतात, ‘‘दमाउन मोन येउ आ काझा.’’ उद्या जातो मी घरी. (‘येउ’ म्हणजे ‘मी’. मला मात्र दर वेळी ‘येऊ का?’ असंच ऐकू येतं.) शब्द लॅटिनच्या गोतातले, पण ‘उद्या’ पुढे आला की लगेच क्रियापद आणि कर्ता त्याच्यामागे, ही जर्मनची रीत. शेजाराने आली असं बरेच अभ्यासक मानतात. मात्र ‘मी सफरचंद खाल्लंय’ म्हणताना जर्मन माणूस ‘खाल्लं’ पार शेवटी नेतो. आजोबा नेत नाहीत: ‘‘येउ हाइ माल्याउ इन मेइल.’’ सफरचंद शेवटी. डोंगरापलीकडे एंगाडीन खोऱ्यातल्या रोमान्शमध्ये तर उलट्या वाक्यात कर्त्याचं सर्वनाम झिजून क्रियापदालाच चिकटतं. याला कुणी उष्टं म्हणत नाही.

बरं, म्हणतात. जर्मन वळणावर नाक मुरडणारे रोमान्शमध्येही आहेत. ते मी ग्रुपवर लिहिलं नाही.

लिहिलं ते हे: 1982मध्ये हाइनरिश श्मिड यांनी लिहिण्यापुरती एक सामाईक रोमान्श बांधून दिली. पुढे ती शाळांत आली, तेव्हा आमच्या खोऱ्यातले पालक हटून बसले आणि आपली सुरसिल्वान बोली वर्गात परत आणली. जेमतेम साठ हजार माणसांची भाषा, तिच्या लिहायच्या बोली पाच, आणि तरी कुणी आपली सोडायला तयार नाही. आम्ही आठ कोटींच्या वर, आणि एका ‘राहिली’ने विटाळतो.

दादाचा अंगठा आला. वरचा.

एवढा आवेश आणणारी मी पुण्याच्या हॉस्टेलवर चार वर्षांत एकदाही ‘करून राहिली’ म्हटलं नव्हतं. आईचा फोन आला की जिन्यात जायचे.

रविवारी काकूला फोन लावला. मुद्दाम विचारलं, ‘‘काय करून राहिली काकू?’’

थोडं थांबून काकू म्हणाली, ‘‘जेवते आहे.’’