सर, परिणाम आधी येत नाही, त्याची अपेक्षा आधी येते

सर, उत्तराला उशीर झाला, सॉरी. 'आपली प्रत्येक हालचाल परिणामाच्या कल्पनेतून निघते' या माझ्या पोस्टवरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा वाचून जरा रागच आला होता, खोटं कशाला बोलू. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की बटण दाबल्यावर होणारा आवाज दाबण्याच्या क्रियेवरच परिणाम करतो असं लिहून मी कार्याला कारणाच्या आधी नेऊन बसवलंय, तीस वर्षं फिजिक्स शिकवलेल्या माणसाला हे पटणार नाही, आणि वेटर उपडा ग्लास कसा उचलतो हे माझं उदाहरण म्हणजे नुसती सवय.

पहिल्या मुद्द्यात चूक माझ्या लिहिण्याची आहे. आवाज मागे येऊन काही करत नाही हो, तो येणार हे डोक्यात आधीच असतं आणि ते काम करतं. आमच्याकडचा सिलिंडर भरलेला आहे समजून मी परवा जोर लावून उचलला, निघाला रिकामा, टाकी डायरेक्ट गुडघ्यावर! जोर किती लावायचा हे हात लावायच्या आधीच ठरलेलं होतं ना, टाकीचं खरं वजन तर हाताला नंतर कळलं.

आता तो बटणाचा प्रयोग नीट सांगतो, कारण त्या पोस्टमध्ये मी घाईत दोन ओळींत उरकला होता. जर्मनीतले मानसशास्त्रज्ञ विल्फ्रीड कुंडे, २००१. लोकांना एक बटण कधी हळू, कधी जोरात दाबायला लावलं आणि दाबल्यावर स्पीकरमधून आवाज. एका फेरीत हळू दाबलं की बारीक आवाज आणि जोरात दाबलं की मोठा, दुसऱ्या फेरीत बरोब्बर उलटं. जोडी जुळणारी असली की लोक लवकर सुरुवात करायचे, उलटी असली की अडखळायचे. आवाज तर दाबून झाल्यावरच येतो, म्हणजे हा उशीर त्या आवाजामुळे नाही, पुढे काय ऐकू येणार याच्या अंदाजामुळे. पुढे २००४ मध्ये त्यांनी कॉख आणि हॉफमन यांच्याबरोबर दाबण्याचा जोरसुद्धा मोजला, तर मोठा आवाज येणार असेल तेव्हा बोट थोडं कमी जोर लावतं असं दिसलं. म्हणजे नुसती सुरुवात नाही, हालचाल कशी होते तेही बदलतं. मला स्वतःला हा भाग जास्त भारी वाटतो.

सवयीचं म्हणाल तर ग्लासपुरतं तुमचं बरोबर असू शकतं. वेटर उपडा ग्लास अंगठा खाली करून उचलतो, सुरुवातीला हात अवघडतो पण ग्लास सुलटा ठेवताना मनगट आरामात असतं, आणि रोज हजार ग्लास उचलणाऱ्याला हे सवयीनं येतं असं कुणीही म्हणेल. पण मानसशास्त्रज्ञ डेव्हिड रोझेनबॉम यांनी १९९० मध्ये साधी आडवी दांडी घेतली, एक टोक काळं, एक पांढरं. दांडी तीच, जागा तीच, सांगायचं फक्त एवढंच की कुठलं टोक खाली टेकवायचं. टोक बदललं की लोक दांडी धरायची पद्धत बदलायचे, कधी हात वरून, कधी खालून. समोरच्या वस्तूत काही बदललेलं नाही, बदललाय तो शेवट. मग नुसत्या सवयीनं हात का बदलेल?

तुम्ही फिजिक्सवाले म्हणून एक घरी करून बघा, भरलेली पाण्याची बाटली चिमटीत धरून वरखाली हलवा. झटक्यात वर न्यायला लागलं की बाटली जड लागते आणि पकड त्याच क्षणी घट्ट होते, घसरल्यावर नाही. बोटांकडून खबर जाऊन उलटा हुकूम येईपर्यंत थांबलो असतो तर पकड दरवेळी मागेच राहिली असती. बाटली दुसऱ्या कुणी अचानक ओढली की मात्र पकड उशिरा आवळते, कारण तेव्हा आधीचा अंदाज नसतो.

एका ठिकाणी मात्र मी पूर्ण हरलो. 'आपली प्रत्येक हालचाल परिणामाच्या कल्पनेतून निघते' हे वाक्य चुकीचंच होतं. गरम तव्याला हात लागल्यावर तो मागे येतो त्यात कसली कल्पना? आणि मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये कृतीची कल्पनाच कृतीला पुरते असं मांडलं, त्यावर दुसरे मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांनी १९१३ मध्ये जोरदार टीका केली, असल्या कल्पनेला जादूटोण्याच्या रांगेत नेऊन बसवलं. त्यानंतर बरीच वर्षं कुणी फारसं इकडे फिरकलं नाही, १९७० च्या आसपास ग्रीनवाल्ड यांनी परत हात घातला. हा वाद मी पोस्टमध्ये गाळला होता, ते बरं केलं नाही.

पोस्टमध्ये आता 'प्रत्येक' काढून 'ठरवून केलेली' असं केलंय. ग्लास मात्र तसाच ठेवलाय, दांडी त्याच्या खाली जोडलीय.