छत पडेपर्यंत पडत नाही, निवांत राहा

सोलापुरात कोळशाची खाण नाही, त्यामुळं खाणीबद्दल सल्ला द्यायला सोलापूरकराइतका लायक माणूस दुसरा नाही. आपल्या पायाखाली सगळा काळा कातळ, कोळसा तिकडं लांब वर्धा खोऱ्यात, चंद्रपूर-वणीच्या पट्ट्यात. आपला संबंध इतकाच की फताटेवाडीला ६६० मेगावॉटचे २ संच उभे आहेत, आणि एप्रिलात लाईट गेली की आपण शिव्या घालतो. पण माझ्याकडं अजून एक क्वालिफिकेशन आहे. माझे मामा तिकडच्या एका अंडरग्राउंड खाणीत जन्मभर होते, आधी लाकडं उचलायला, मग परीक्षा देऊन सरदार झाले (पगडीवाले नव्हे, खाणीत शिफ्टच्या सेफ्टीची जबाबदारी ज्याच्यावर असते तो सरदार), आणि रिटायर होऊन आता बाळीवेशीतल्या आमच्या माळवदाच्या घरात राहायलेत. त्यांनी जे जे करू नको म्हणून सांगितलं ते सगळं उलटं करून खाली देतोय, नवीन माणसानं पाठ करून ठेवावं.

सगळ्यात आधी रुंदी. खाणीत रस्ते खोदत जातात आणि मधे मधे कोळशाचे चौकोनी खांब सोडतात, त्याला पिलर म्हणायचं. नियमात रस्त्याची रुंदी ४.८ मीटर आणि उंची ३ मीटरच्या वर न्यायची नाही असं आहे. आता तुम्हीच सांगा, पिलर म्हणजे डोळ्यासमोर उभा असलेला फुकटचा कोळसा, त्याला दोन्हीकडनं थोडं थोडं तासलं तर कुणाचं काय जातंय? आमच्या आजोबांना हे कळलंच नाही, त्यांनी माळवद बांधताना खण धरून बांधलं, तुळई जेवढी पेलते तेवढाच खण, पुढं लगेच खांब. मी एकदा मामांना म्हटलं, हा मधला खांब काढू या, टीव्ही नीट दिसत नाही, सोफाही बसत नाही. ते म्हणाले, "खण दुप्पट केलास की तुळईला चौपट ताण येतो, कळतंय का?" सोफा बसला नाही तो नाहीच.

दोन रस्ते एकमेकांना छेदतात त्या चौकात डबा खावा. मोकळी जागा, हवा चांगली, चार दोस्त बसतात. तिथं छत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं मोजलं तर सगळ्यात लांब उघडं पडलेलं असतं, आणि पडायचं तर आधी तिथंच पडतं, पण कडक भाकरी आणि शेंगाचटणी समोर असताना वर कोण बघतंय.

मग बोल्ट. छतातला दगड अखंड नसतो, थरावर थर असतो, म्हणून वर भोक पाडून दीड-दोन मीटरचा लोखंडी बोल्ट घालतात आणि सगळे थर एकत्र टाचतात. वाकळ शिवतात तसंच, एकेक फडकं जीर्ण पण धावदोरा घातला की अंगावर टिकतं. आता वाकळ शिवणारी बाई टाके मोजून घालते, पण तुम्ही कशाला? एक टाका सोडून एक घाला. सिमेंटची कॅप्सूल पाण्यात भिजवून भोक पूर्ण भरायचं असतं, तुम्ही एकच कोंबा. भोक कमी खोल गेलं तर ड्रिल परत लावायचा त्रास कशाला, बोल्टच कापा. खालनं बघणाऱ्याला नुसती प्लेट दिसते, आणि प्लेट सगळ्यांची सारखीच असते. बोल्ट ओढून बघायची टेस्ट असते, ती जो नीट बसलाय त्याच्यावरच घ्यावी म्हणजे कुणाचंच मन दुखत नाही.

नुकताच कोळसा काढलाय आणि अजून आधार लागला नाही त्या छताला ग्रीन रूफ म्हणतात. नाव किती छान. शेवटच्या आधाराच्या पुढं पाऊल टाकायचं नाही हा खाणीतला सगळ्यात जुना दंडक, पण तुमचा फावडा तिकडं राहिला असेल, दोन सेकंदांचंच काम असेल, तर जा की. दोन सेकंदात काय होतंय, ही गोष्ट मामांना त्यांच्या जोडीदारानंच सांगितली होती. पुढचं मामा सांगत नाहीत, सुपारी कातरत बसतात.

लाकडी टेकू मात्र अजिबात वापरू नका, फार बडबडे. दाब आला की कुरकुरतात, मग चिरकतात, मग माणसं हातातलं टाकून पळतात आणि प्रॉडक्शन बसतं. पिलर काढायचं काम (शेवटी मागं सोडलेले खांबही काढून घेतात ते) चालू असताना मामा म्हणे बोलणं बंद करायला लावायचे, का तर लाकडाचं ऐकू यायला पाहिजे! लोखंडी प्रॉप कसा शहाणा, जास्त वजन उचलतो आणि तोंड उघडत नाही. छताला टेलटेल नावाचं यंत्र लटकवलेलं असतं, थर सुटायला लागले की त्याचे रंगाचे पट्टे सरकतात आणि शेवटी लाल येतो. लाल आला तर घाबरू नका, स्टोअरमधनं हिरवा पेंट मागवा.

आणि रजिस्टर. शिफ्ट-शिफ्टला छत तपासून सही करायची असते. सोमवारीच शनिवारपर्यंतच्या करून टाका, अक्षर चांगलं येतं. मी मामांना विचारलं होतं की साहेब लोक असं करायचे का, तर म्हणाले एक होते, अक्षर मोत्यासारखं होतं त्यांचं.

राहता राहिलं छत ठोकणं. हे काम लोखंडाच्या टोकाच्या काठीनं करतात, एक हात वर दगडाला टेकवायचा, दुसऱ्यानं ठोकायचं. टणटणीत आवाज आला तर दगड धरून आहे, भदभद आला तर आत थर सुटलाय, आणि कधी आवाज बरा येतो पण टेकवलेल्या बोटांना थरथर कळते. बाजारात माठ घेताना आपण वाजवून घेतो ना, तसंच, फक्त माठ डोक्यावर असतो आणि काही टनांचा असतो.

परवा गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे आले होते म्हणून मामांची कॉट मधल्या खणात टाकली. रात्री जाग आली तर हे स्टुलावर उभे, चालायची काठी उलटी धरून तुळईवर टक, टक, टक. एका ठिकाणी थांबले. तिथंच परत तीनदा. वरची पांढरी माती माझ्या पांघरुणावर पडली. म्हटलं, मामा झोपा की, साठ वर्षं झाली घराला, काय होत नाही.

"भद वाजायलंय रे."

बघू यात्रा झाल्यावर, मिस्त्रीला बोलवू, म्हणून मी कुशीवर वळलो. सकाळी उठून बघतो तर त्यांची कॉट खांबाला चिकटून होती. माझी मधेच आहे अजून, पंखा तिथंच आहे ना.