२५२०बद्दलच्या त्या मेसेजमध्ये काय चुकलंय

"१ ते १० या सर्वांनी निःशेष भाग जाणारी संख्या असूच शकत नाही, असं गणिती मानत होते. रामानुजन यांनी २५२० ही अशी एकमेव संख्या शोधली. ७ × ३० × १२ = २५२०, म्हणजे आठवड्याचे दिवस, महिन्याचे दिवस, वर्षाचे महिने. हीच भारतीय कालगणनेची थोरवी!" अशा आशयाचा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय, आणि मुलंही तो खरा मानतात.

अशी संख्या अशक्य आहे, असं गणित जाणणारा माणूस मानणारच नाही. १ ते १० चा नुसता गुणाकार करा: ३६,२८,८००. झालं, दहाही संख्यांनी भाग गेला. प्रश्न उरतो तो सर्वांत लहान संख्येचा, आणि तो शाळेतल्या लसाविचा आहे. ८ घेतला की २ आणि ४ त्यात आलेच. ९ मध्ये ३ आला. ६ साठी वेगळं काही नको, कारण २ आणि ३ दोन्ही हाताशी आहेत. ५ घेतला की १० चंही काम झालं. ७ मात्र कुणाच्याच पोटात नाही, तो स्वतंत्रच घ्यावा लागतो. ८ × ९ × ५ × ७ = २५२०. फळ्यावर हे उलगडताना जी गंमत आहे, ती "चमत्कार" म्हटलं की हरवते.

ती एकमेवही नाही. २५२० ची प्रत्येक पट चालते. तिची दुप्पट ५०४० तर प्लेटोने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातच आपल्या कल्पित नगरासाठी निवडली होती, आणि १ ते १० ने सलग भाग जातो हे कारणही दिलं होतं. १ ते २० साठी हवी असेल तर २३,२७,९२,५६० घ्या.

७ × ३० × १२ हा गुणाकार बरोबर आहे, कारण त्याचे मूळ अवयव तेच आहेत. पण त्या गुणाकाराने कुठलाच काळ मोजला जात नाही. पंचांगातल्या चांद्र महिन्यात ३० असतात त्या तिथी. दिवस साधारण साडेएकोणतीस. बारा महिन्यांचे ३५४ दिवस होतात, आणि सौर वर्षाशी मेळ बसावा म्हणून अधिक मास येतो. कौतुक करायचं तर त्या हिशोबाचं करावं.

सगळ्यांत जास्त खुपतो तो रामानुजन यांच्यावरचा अन्याय. २५२० ला ४८ विभाजक आहेत. तिच्याहून लहान कुठल्याच संख्येला इतके नाहीत. अशा संख्यांवर त्यांचा दीर्घ निबंध १९१५ मध्ये लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. त्यातली यादी १०,०८० विभाजक असलेल्या ६७,४६,३२,८३,८८,८०० पर्यंत जाते. २५२० ही त्यातली फक्त एक ओळ. त्यांचं खरं काम या संख्यांची घडण उलगडण्याचं होतं. मूळ अवयव चढत्या क्रमाने मांडले की त्यांचे घातांक कधीच वाढत नाहीत: २५२० मध्ये ते ३, २, १, १ असे आहेत. शेवटच्या अवयवाचा घातांक नेहमी १ असतो आणि ४ व ३६ या दोनच संख्या त्याला अपवाद आहेत, हे त्यांनी सिद्ध केलं.