कोंबडा अंड्यांच्या खोक्यात शिरतो तो अंडी खायला?

घरच्या कोंबड्या पाळणाऱ्यांमध्ये सध्या एक मजकूर फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: कोंबडा अंडी घालायच्या खोक्यात शिरला की त्याला अंडी खायची चटक लागली समजा आणि लगेच काढून टाका. कोंबडा कोंबड्यांना नुसता छळतो आणि दाणे फस्त करतो. कोंबड्यासोबत राहणाऱ्या कोंबडीच्या अंड्यात पिल्लू असतं, ती खाऊ नका. आणि आरवणं बंद करायचं तर खुराड्यात अंधार करा. हे वाचून लोक चांगले, शांत कोंबडे कापून मोकळे होतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक. कोंबडा खोक्यात शिरतो तो बहुतेक वेळा कोंबडीला जागा दाखवायला. माझ्या तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, पहिल्यांदा अंड्यावर यायच्या बेतात होत्या, तेव्हा हे रोज बघायला मिळायचं. कोंबडा आधी एकटाच आत जायचा. छाती पेंढ्यात दाबून बसायचा, जागच्या जागी गोल फिरायचा, पायांनी पेंढा मागे सारायचा. हे करताना घशातल्या घशात बारीक, लांबट आवाज चालू असायचा. बाहेर एखादी तलंग मान लांब करून एका डोळ्याने आत बघत उभी. तो उठून बाहेर आला की ती आत शिरायची, आणि त्याने केलेल्या खळग्यातच तिचं अंडं सापडायचं. मोकळ्या सोडलेल्या कळपातही कोंबडा अंड्यावर आलेल्या कोंबडीसोबत आडोसा शोधत हिंडतो. अंडं घालून ती ओरडत बाहेर आली की तो तिला ओ देतो आणि ती कळपात परत येते. असा कोंबडा काढून टाकला, तर नव्या तलंगांना खोक्याची वाट दाखवणारा जातो.

अंडी फुटत असतील तर मात्र कारण शोधायलाच हवं. चोचीला बलक लागलाय का, पेंढा ओला-चिकट आहे का, ते बघा. अंडी खाण्याची खोड माद्यांनाही लागते, आणि सुरुवात बहुधा आपोआप फुटलेल्या अंड्यापासून होते. कॅल्शियम कमी पडून कवच पातळ झालेलं असतं, नाहीतर एकाच खोक्यात गर्दी झालेली असते. चार-पाच कोंबड्यांमागे एक खोकं, आत जाड पेंढा, जरा अंधारी जागा, वेगळ्या भांड्यात शिंपल्यांचा चुरा आणि दिवसातून दोनदा अंडी गोळा करणं, एवढ्याने बराच फरक पडतो. बसायची दांडी खोक्यांपेक्षा उंच ठेवा. नाहीतर कोंबड्या रात्री खोक्यातच झोपतात आणि सकाळी अंडी विष्ठेने माखलेली मिळतात.

आता छळाचं. दाणा किंवा किडा सापडला की कोंबडा टुक-टुक करत तो चोचीने उचलतो, खाली टाकतो, पुन्हा उचलतो. कोंबड्या धावत येतात आणि त्याच्या चोचीसमोरचं टिपून नेतात. चांगला कोंबडा हे दिवसभर करत राहतो. धोक्याच्या हाकाही त्याच्याकडे दोन वेगळ्या असतात. वरून घार आली तर बारीक, लांब स्वर निघतो आणि कोंबड्या आडोशाला दबून बसतात. जमिनीवरून मांजर आलं तर मोठा कलकलाट होतो आणि सगळ्या माना वर करून उभ्या राहतात. एक पंख खाली सोडून तो कोंबडीभोवती अर्धं रिंगण घालतो, ते तिला वश करण्यासाठी.

मजकुरातली एक गोष्ट मात्र खरी आहे: काही कळपांत कोंबड्यांच्या पाठी उघड्या पडतात. पण तिथे बहुतेक वेळा कोंबडे जास्त झालेले असतात. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा हे प्रमाण बरं. दोन-तीन कोंबड्यांत एक तरणा कोंबडा सोडलात, तर त्या बिचाऱ्यांची पिसं राहणार नाहीत.

अंड्यातल्या पिल्लाबद्दल फार बोलायची गरज नाही. कोंबडी कोंबड्याशिवायही अंडी घालते. कोंबडा असेल तर अंडं फळतं, पण त्यात पिल्लू वाढायला साधारण साडेसदतीस अंश सेल्सियसची ऊब आणि 21 दिवस लागतात. रोज उचलून थंड जागी ठेवलेल्या अंड्यात काही वाढत नाही. बलकावर कधी रक्ताचा ठिपका दिसतो, तो अंडं तयार होताना बारीक रक्तवाहिनी फुटल्याचा असतो. कोंबडा नसलेल्या खुराड्यातही तशी अंडी निघतात. फक्त खुडूक कोंबडी अंड्यांवर बसलेली असेल, तर तिच्याखालची अंडी खायला उचलू नका.

राहिला अंधार. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, ही म्हण आपण सगळेच वापरतो. पण झाकलं म्हणून कोंबड्याचं आरवणंही राहत नाही. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये हे दाखवून दिलं. रात्रंदिवस एकसारख्या मंद उजेडात ठेवलेले कोंबडेही साधारण दिवसाच्या अंतराने, ठरल्या वेळी आरवत राहिले. पहाट त्यांच्या अंगातल्या घड्याळातच होते. अचानक पडलेला उजेड किंवा दुसऱ्याची बांग यांनीही कोंबडा आरवतो. याच गटाने 2015 मध्ये आणखी एक गोष्ट मांडली: कळपात सगळ्यात वरचढ कोंबडा आधी आरवतो, मग उतरत्या क्रमाने बाकीचे. वरचढ काढला तर दुसरा सुरुवात करतो. त्यामुळे आवाज कमी हवा असेल तर कोंबडे कमी ठेवा. अंधारासाठी खुराड्याचे झरोके बुजवू नका. आत ओल आणि विष्ठेचा अमोनिया कोंडतो, आणि डोळे-छाती धरतात ती कोंबड्यांची.