स्क्रिप्टच्या भरवशावर पॅनल रिकामे करू नका

वागळे इस्टेटपासून रबाळे-महापेपर्यंत जुन्या मिलिंग मशीनचे रिट्रोफिट करणाऱ्यांमध्ये, म्हणजे त्यांना नवे संगणकीय नियंत्रण बसवणाऱ्यांमध्ये, एक संदेश सतत फिरत असतो: लिनक्ससीएनसी या मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पायथन भाषेच्या चार ओळींनी कोणताही सिग्नल वाचता-लिहिता येतो, स्क्रिप्ट हवी तेवढी वेगवान असते, म्हणून इमर्जन्सी स्टॉप बटणाची वेगळी वायरिंग हा वायफळ खर्च आहे.

यातला ‘कोणताही’ हा शब्द वाचण्यापुरताच खरा आहे. हॅलमध्ये, म्हणजे लिनक्ससीएनसीच्या सिग्नल जोडणाऱ्या भागात, एका सिग्नलला वाचणारे कितीही असले, तरी लिहिणारा एकच असतो. आधीच एखादी आउटपुट पिन (सिग्नलवर लिहिणारे टोक) जोडलेल्या सिग्नलवर ‘सेट्स’ ही किंमत लिहिण्याची आज्ञा नाकारली जाते. अनेकांना ही अडचण वाटते, पण दोन मालक असलेल्या, कूलंटचा पंप चालू-बंद करणाऱ्या रिलेने ऐकायचे तरी कोणाचे? स्क्रिप्टसाठी स्वतंत्र पिन तयार करून ती ‘ऑर२’सारख्या, दोनपैकी एक इनपुट चालू असले तरी आउटपुट चालू करणाऱ्या घटकातून पुढे नेणे हाच रास्त मार्ग आहे.

वेगाचा दावा अधिक फसवा आहे. सर्व्हो थ्रेड, म्हणजे मशीनची हालचाल सांभाळणारा सॉफ्टवेअरचा भाग, साधारणपणे दर १ मिलिसेकंदाला ठरल्या वेळी चालतो. पायथन मात्र त्या थ्रेडबाहेर, इतर प्रोग्रॅमच्या गर्दीत चालते आणि तिथे वेळेची हमी नसते. स्क्रिप्ट दर १०० मिलिसेकंदांनी लिमिट स्विच (टेबल हद्दीवर पोचल्याचे सांगणारा) पाहत असेल आणि टेबल मिनिटाला ६००० मिमी वेगाने सरकत असेल, तर दोन वाचनांच्या मधे टेबल १० मिमी पुढे गेलेले असते. त्याच अंतरात येऊन गेलेला २० मिलिसेकंदांचा पल्स तर स्क्रिप्टला दिसतही नाही. टॉवर लॅम्प लावणे किंवा तयार नग मोजणे अशा कामांना मात्र स्क्रिप्ट उत्तम, हे मान्यच आहे.

इमर्जन्सी स्टॉपबाबतचा सल्ला सरळ धोकादायक आहे. स्क्रिप्ट मधेच बंद पडली, तर तिने लिहिलेली शेवटची किंमत सिग्नलवर तशीच राहते, म्हणजे ‘सर्व ठीक’ हा निरोप स्क्रिप्ट मेल्यावरही कायम राहतो. हॅलमधला ‘वॉचडॉग’, म्हणजे स्क्रिप्टचे नियमित ठोके थांबले का ते पाहणारा घटक, हे पकडू शकतो; पण संगणकच गोठला तर वॉचडॉगही थांबतो आणि मशीनला सिग्नल पाठवणारा संगणकाचा पॅरलल पोर्ट शेवटच्या स्थितीत अडकून राहतो. म्हणून बटणाच्या नॉर्मली क्लोज्ड (एरवी जोडलेल्या, दाबल्यावर तुटणाऱ्या) संपर्काने, मशीनची वीज जोडणाऱ्या कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा पुरवठा थेट तोडला पाहिजे, आणि सॉफ्टवेअरला त्याच बटणाच्या दुसऱ्या संपर्कावरून केवळ तशी खबर मिळाली पाहिजे.