'आजारपणातला विरंगुळा': असईच्या आराखड्यावरील प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

असईच्या लढाईचा (१८०३; शिंदे-भोसल्यांची फौज विरुद्ध इंग्रज सेनापती वेलस्ली) वॉरगेम, म्हणजे टेबलावरचा युद्धखेळ, ६ मिमी उंचीच्या खेळण्यातल्या सैनिकांत उभा करण्याचा जो आराखडा मी गेल्या आठवड्यात मांडला, त्यावरची आपली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली: पहिल्यांदा राग आला म्हणून, दुसऱ्यांदा तो राग रास्त आहे का हे पाहण्यासाठी, आणि तिसऱ्यांदा डाव्या हाताने उत्तर टंकायला किती वेळ लागेल याचा अंदाज घेत. उजवे मनगट अजून प्लास्टरमध्ये आहे. त्यामुळे हे उत्तर तीन बैठकांत लिहिले आहे.

ज्या वाचकांच्या नजरेतून ती प्रतिक्रिया निसटली असेल त्यांच्यासाठी तिचा सारांश देतो. शिंद्यांच्या पायदळाचा सेनानी पोलमन फ्रेंच नव्हता; मराठ्यांचे तीस-चाळीस हजार स्वार माझ्या आराखड्यात कुठेच दिसत नाहीत; जय-पराजयाच्या अटी अशा बेतल्या आहेत की कंपूंनी, म्हणजे शिंद्यांच्या कवायती पलटणींनी, हरावेच; आणि माझे पानिपतचे सैनिक अजून डब्यांत पडून असताना नवा घाट घालण्याचा मला अधिकार काय, असे आपले म्हणणे आहे; मी हे सारे 'बसल्या जागी' लिहितो असेही आपण म्हणता. यानंतर आपण लिहिता: 'हात गळ्यात बांधून डायनिंग टेबलावर पुठ्ठे सरकवणे याला नियोजन म्हणत नाहीत, "सेनापती साहेब", आजारपणातला विरंगुळा म्हणतात.'

पोलमनबद्दल आपले बरोबर आहे. अँथनी पोलमन हॅनोव्हरचा जर्मन होता, पूर्वी ईस्ट इंडिया कंपनीच्याच फौजेत सार्जंट होता, आणि मी घाईत त्याला शिंद्यांच्या चाकरीतला फ्रेंच सेनानी पेराँ याच्या पंगतीत बसवून फ्रेंच करून टाकले. लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवल्याबद्दल मनापासून आभार मानतो, आणि हे आभार औपचारिक नाहीत हे मुद्दाम नोंदवतो, कारण पुढचा मजकूर वाचून आपला तसा समज होण्याचा संभव आहे.

आता त्या वाक्याकडे येतो. आपण मला 'सेनापती साहेब' म्हटलेत आणि तेही अवतरणचिन्हांत घालून म्हटलेत. ज्याला आपण ओळखत नाही अशा माणसाशी बोलताना अवतरणचिन्हे ही कोपरखळीसारखी वापरायची नसतात, एवढा संकेत मराठीत लिहिणाऱ्याने पाळायला हरकत नव्हती. माझे लेखन कंटाळवाणे वाटले तर तसे सरळ लिहावे, मी ते सोसेन. परंतु दुखापतीचा उल्लेख मी सहानुभूती मिळवण्यासाठी केला असे जे आपण सुचवता, ते मला लागले आहे. लेखात त्या विषयाला मी एकच परिच्छेद दिला होता. जिन्यावर पावसाचे पाणी होते, पाय घसरला, आधाराला टेकलेल्या उजव्या हाताच्या मनगटात बारीक चीर गेली आणि पाच आठवड्यांचे प्लास्टर बसले, एवढीच ती हकिगत. जगात याहून मोठी दुखणी पुष्कळ आहेत हे मला कळते. ब्रश धरता येत नाही, म्हणून रंगकामाऐवजी आखणीकडे वळलो, हे सांगण्यासाठी ती हकिगत आवश्यक होती.

'विरंगुळा' या शब्दावर आपण जो भार दिलात त्याचा मात्र जरा शांतपणे विचार करावा. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन १८८० ते १८८२ या काळातले दोन हिवाळे छातीच्या विकारामुळे स्वित्झर्लंडमधील दाव्होस येथे राहिला होता. तिथे तो सावत्र मुलगा लॉइड याच्यासह पोटमाळ्याच्या जमिनीवर खडूने नकाशा आखून शिशाच्या सैनिकांची युद्धे खेळे, दारूगोळ्याचा हिशेब ठेवी आणि त्या काल्पनिक युद्धांची वार्तापत्रेही लिही. एच. जी. वेल्स सात वर्षांचा असताना, १८७४ साली, पाय मोडून अंथरुणाला खिळला आणि त्याच काळात आपल्याला वाचनाचे वेड लागले असे त्यानेच पुढे नोंदवले आहे. याच वेल्सने १९१३ साली 'लिटल वॉर्स' लिहून आपल्या छंदाला त्याचे पहिले सर्वपरिचित नियम दिले. पाय मोडला म्हणून नियम सुचले, असा बादरायण संबंध मी जोडत नाही. पण ज्या छंदाच्या घराण्यात एक पूर्वज क्षयाच्या संशयाने गावाबाहेर राहिलेला आणि दुसरा लहानपणी फळ्या बांधून निजलेला आहे, त्या घराण्यात 'आजारपणातला' हे विशेषण शिवीसारखे वापरणाऱ्याने आधी वंशावळ पाहून घ्यायला हवी होती.

आणि पुठ्ठ्यांविषयी. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यात रायस्वित्झ या अधिकाऱ्याने जे क्रीग्सश्पील (युद्धखेळ) रुजवले, त्यात एकही रंगवलेला सैनिक नव्हता. १:८००० प्रमाणाचा नकाशा, त्यावर लाल आणि निळे ठोकळे, फासे आणि एक पंच, एवढ्या सामग्रीवर प्रशियाचे अधिकारी शिकत राहिले. त्यांना कोणी 'ठोकळे सरकवता' असे म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही.

पुठ्ठे सरकवण्यातून मला काय मिळाले ते आता सांगतो, कारण आपण लेखाचा तो भाग बहुधा ओलांडून गेलात. जमिनीचे प्रमाण मी १ मिमीला ३ मीटर असे धरले आहे. सहाशे शिपायांची पलटण दोन रांगांत उभी राहिली तर साधारण १८० मीटर रुंदी व्यापते, म्हणजे टेबलावर ६० मिमी. त्या मापाचा पुठ्ठ्याचा एक तुकडा म्हणजे एक पलटण, आणि पुढे त्याच मापाच्या बेसवर, म्हणजे सैनिक चिकटवायच्या पट्टीवर, ६ मिमीचे चोवीस सैनिक बसतील. हीच लढाई २८ मिमीत करायची तर एका पलटणीला याच्या चौपट तरी जागा लागेल, आणि आमच्या दिवाणखान्याची भिंत पाडावी लागेल. शिंद्यांच्या कंपूंचे पायदळ अकरा हजारांच्या आसपास होते, म्हणून मी अठरा तुकडे कापले. मग केळणा आणि जुई यांच्यामधली जमीन निळ्या लोकरीने आखली. दक्षिणेला केळणा, उत्तरेला जुई, जुईच्या काठावर असई गाव. वेलस्लीने केळणा ओलांडून पूर्वेकडून चढाई केली तेव्हा कंपूंनी तोंड फिरवून दोन नद्यांच्या मध्ये जी आडवी फळी धरली, तिची लांबी सुमारे १.६ किलोमीटर होती. टेबलावर ती त्रेपन्न सेंटिमीटर भरते.

अठरा तुकड्यांना एकशे आठ सेंटिमीटर लागतात.

तुकडे मावेनात. मी ते पहिल्यांदा मांडले तेव्हा माप चुकले असे समजून फूटपट्टी घेऊन पुन्हा मोजले, लोकर सरळ केली, पोलमनच्या डाव्या बाजूचे तुकडे असईच्या घरांवर चढले होते ते खाली घेतले, आणि तरीही निम्मे तुकडे हातात उरले. ते मागे, दुसऱ्या फळीत ठेवावे लागले. दुसऱ्या फळीतल्या पलटणीची बंदूक पहिल्या फळीच्या पाठीत काय उपयोगाची? दोन नद्यांच्या चिंचोळ्या पट्ट्यात शिरण्याने संख्याबळ कसे बोथट होते, हे मी वीस वर्षे वाचत आलो होतो, पण रात्री साडेअकरा वाजता पुठ्ठ्याचे नऊ तुकडे हातात घेऊन उभे राहिल्यावर ते कळले. वर्षभर रंगवून झाल्यावर हा शोध लागला असता तर मी बेसचे माप, पलटणींची संख्या आणि बहुधा स्वभाव, तिन्ही बदलून बसलो असतो. याला आपण विरंगुळा म्हणता. ठीक आहे.

तोफांचा नियमही असाच टेबलावर सापडला. कंपूंचे कित्येक गोलंदाज, म्हणजे तोफा डागणारे, मेल्याचे सोंग करून तोफांपाशी पडून राहिले आणि इंग्रजांची फळी पुढे गेल्यावर उठून त्यांनी तिच्या पाठीवर मारा सुरू केला. वेलस्लीला ७८वी स्कॉटिश हायलँडर पलटण आणि मद्रासचे घोडदळ घेऊन त्यांच्यासाठी मागे फिरावे लागले. म्हणून माझ्या मसुद्यात असे आहे की, शत्रूची पलटण तोफेवरून पुढे गेली की दर फेरीला एक फासा टाकायचा, पाच किंवा सहा पडले तर गोलंदाज पुन्हा उभे. हा नियम मी ज्या संध्याकाळी लिहिला तेव्हा प्लास्टरच्या आत इतकी खाज सुटली होती की शेजारच्या काकूंकडून विणकामाची सुई मागवून घेतली. ती आत घालू नका असे डॉक्टरांनी बजावले होते, आणि मी ती घातलीच. आपण मला बेशिस्त म्हणू इच्छित असाल तर हे उदाहरण घ्या.

'बसल्या जागी' या आपल्या शब्दांबद्दलही थोडे सांगायला हवे. आत्मप्रौढीचा आरोप पत्करून सांगतो की, २०११ च्या मे महिन्यात मी पुण्याहून मोटारसायकलने जालन्यावरून भोकरदनच्या बाजूला गेलो होतो आणि केळणेच्या कोरड्या पात्रात उतरून दोन्ही काठ पावलांनी मोजले होते. वाटाड्यांनी नदी ओलांडायला 'उतार नाही' असे सांगितले असताना, समोरासमोरच्या काठांवर पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावे पाहून वेलस्लीने तर्क केला की इतक्या जवळच्या दोन गावांना जा-ये करायला उतार असणारच. तो तर्क घरी वाचताना चतुर वाटतो. काठावर उभे राहिल्यावर तो कोणाही खेडुताला सुचेल असा वाटतो, आणि मग प्रश्न पडतो की तो उतार राखायला कंपूंनी एखादी पलटण का ठेवली नाही. त्या प्रवासाची वही माझ्याकडे आहे. सोळाव्या वर्षी जुन्या बाजारात मिळालेल्या प्लास्टिकच्या हायलँडरांपासून मी हा छंद करतो आहे. तेव्हा या शहरात फासे सहा बाजूंखेरीज आणखी कसलेही असतात हे माहीत असलेली माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. आपण तेव्हा कुठे होता हे विचारणे असभ्य होईल, म्हणून विचारत नाही.

मागील परिच्छेदातले शेवटचे वाक्य खोडावे असे घरून सुचवण्यात आले. डाव्या हाताने खोडणेही लिहिण्याइतकेच कष्टाचे असल्याने ते राहू देतो. आपण ते मनावर घेऊ नये.

उरलेल्या मुद्द्यांवर विस्ताराने लिहिण्याची आवश्यकता मला दिसत नाही. स्वारांचा प्रश्न पहिल्या चाचणी खेळानंतर पाहता येईल. ते सैन्य पश्चिमेला भोकरदनच्या अंगाने पसरले होते आणि प्रत्यक्ष लढाईतही त्याने फारसे काही केले नाही, तेव्हा सध्या टेबलाची कड त्याची जागा भरून काढते. जय-पराजयाच्या अटी अजून मसुद्यातच आहेत, आणि मसुद्यावर निकाल देणे घाईचे आहे. तरीही एक आठवण देतो: वेलस्लीच्या बाजूला मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून १,५८४ माणसे पडली, आणि याच लढाईला तो पुढे वॉटर्लूनंतरही आपल्या आयुष्यातली सर्वोत्तम कामगिरी मानत असे. कंपू हरणारच होते, असे त्याला त्या दिवशी वाटले नसावे. पानिपतचे सैनिक डब्यांत आहेत हे खरे आहे. ते माझे डबे आहेत.

प्लास्टर येत्या मंगळवारी निघणार आहे. त्यानंतर काही आठवडे मऊ चेंडू दाबण्याचा व्यायाम सांगितला आहे, म्हणून ब्रश दिवाळीच्या आधी हाती येईल असे दिसत नाही, आणि तोपर्यंत शिशाच्या सैनिकांची मागणी मी नोंदवणार नाही. मावणाऱ्या आणि न मावणाऱ्या तुकड्यांची छायाचित्रे दुरुस्त नकाशासह मूळ लेखात जोडली आहेत, ती आपण सवडीने पाहावीत. लोकर आणि तुकडे जसेच्या तसे टेबलावर आहेत, आणि आम्ही गेले अकरा दिवस स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी जेवतो आहोत. स्वारांचे तुकडे तेवढे कापायचे राहिले, कारण डाव्या हाताने कात्री चालवताना अठराव्या पलटणीशीच अंगठ्याला फोड आला.